शेजारच्या गावांनी मिळून सोयाबीनचे प्रमाणित बियाणे कसे पिकवावे आणि कसे विकावे

सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारे पीक असल्यामुळे त्याचे बियाणे घरी राखता येते, आणि मराठवाडा व विदर्भातील असंख्य शेतकरी ते राखतातही. अडचण अशी की, एका शिवारात काढणीच्या वेळी पाऊस झाला म्हणजे त्या शिवारातल्या सगळ्यांच्याच घरचे बियाणे एकदम निकामी होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात हेच घडले. भिजलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती गेली आणि २०२० च्या खरिपात पेरलेले उगवले नाही म्हणून कृषी विभागाकडे हजारो तक्रारी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती.

म्हणूनच बियाणे एका शेतावर किंवा एका गावावर अवलंबून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. परभणी, हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी प्रमाणित बीजोत्पादनाचे, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात आणि प्रयोगशाळेत तपासून टॅग दिलेले बियाणे पिकवण्याचे, काम पाहतो. नव्याने सुरुवात करणारे गट शेतीत सहसा कमी पडत नाहीत. ते अडतात ते नोंदणी, करार, साठवण आणि परवाना या चार ठिकाणी. पुढची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. जिथे गट अडकतात तिथे मी मुद्दाम अधिक थांबलो आहे.

१. पिकवणार कोण आणि विकणार कोण, हे आधी ठरवा

बीजोत्पादनात तीन भूमिका असतात: शेतात पीक घेणारा बीजोत्पादक, कच्चे बियाणे स्वच्छ करून प्रतवारी करणारे बीज प्रक्रिया केंद्र आणि परवाना घेऊन बाजारात विकणारी संस्था. या तिन्ही भूमिका पहिल्याच वर्षी आपल्या अंगावर घेऊ नका.

सोपी वाट अशी आहे की, पहिले दोन-तीन हंगाम गटाने महाबीजसाठी, म्हणजे १९७६ पासून अकोल्यात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळासाठी, किंवा राष्ट्रीय बीज निगमसाठी बीजोत्पादक म्हणून काम करावे. पायाभूत बियाणे (ज्यापासून प्रमाणित बियाणे पिकवतात ते), प्रक्रिया आणि विक्री त्यांच्याकडे राहते, आणि गटाला शिस्त शिकायला मिळते. गावात विकास सोसायटी सक्रिय असेल तर आणखी एक दार उघडे आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय बीज सहकारी समिती ही बहुराज्य सहकारी संस्था स्थापन झाली असून इफको, कृभको, नाफेड, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम हे तिचे प्रवर्तक आहेत. प्राथमिक सहकारी संस्थांना तिचे सभासद होता येते.

स्वतःच्या नावाने बियाणे विकायचे असेल तर मात्र नोंदणीकृत संस्था हवी. शेतकरी उत्पादक कंपनी किमान दहा उत्पादक सभासदांवर स्थापन करता येते, पण बियाण्यासाठी मी एका गावापुरती कंपनी सुचवणार नाही. किमान दोन वेगळ्या पाऊसमानाच्या पट्ट्यांतील गावे तिच्यात असावीत. एका पट्ट्यात परतीचा पाऊस लांबला तर दुसऱ्या पट्ट्यातला माल हाती राहतो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या संकटावर एवढा साधा उपाय दुसरा नाही.

२. पेरणीच्या आधी लेखी करार करा

तोंडी बोलीवर पेरणी होते, पण ऑक्टोबरमध्ये भाव चढले की बोली मोडते. व्यापारी बांधावर रोख पैसे घेऊन उभा असतो, बियाण्याचे पैसे प्रयोगशाळेचा निकाल लागल्यावर मिळणार असतात, आणि घरी दिवाळी तोंडावर आलेली असते. अशा वेळी सभासदाने माल मंडईत नेला तर त्याला दोष देऊन उपयोग नाही. करारात त्याची सोय केलेली असली पाहिजे.

करारात पुढील बाबी स्पष्ट शब्दांत लिहा. भाव कोणत्या बाजार समितीच्या कोणत्या कालावधीतील दरावर काढणार आणि त्यावर किती टक्के अधिक देणार, कच्चे बियाणे जमा करताना किती रक्कम आगाऊ मिळणार व उरलेली किती दिवसांत, प्रक्रियेतील घट कोणाच्या खात्यावर, आणि लॉट, म्हणजे एकत्र तपासला जाणारा मालाचा साठा, नापास झाला तर माल कोणाचा व वाहतूक खर्च कोणाचा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारात नसेल तर सही करू नका, मग समोरची संस्था कितीही मोठी असो. दोन कंपन्या मिळून काम करणार असतील, म्हणजे एकीची शेती आणि दुसरीचे प्रक्रिया केंद्र असेल, तर त्या दोघींमधला करारही वेगळा हवा.

३. वाण निवडा आणि बियाण्याचा स्रोत जपून ठेवा

बियाण्याची साखळी अशी चालते: वाण काढणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली पिकवलेल्या पैदासकार बियाण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित. पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, पायाभूतचा पांढरा आणि प्रमाणितचा निळा असतो. हिरवे लेबल असते ते सत्यप्रत बियाण्याचे. त्याच्या दर्जाची हमी विक्रेता स्वतः देतो आणि त्याची शेतपाहणी प्रमाणीकरण यंत्रणा करत नाही. प्रमाणित बियाणे पिकवायचे असेल तर गटाला पायाभूत बियाणे घ्यावे लागते.

गणित लक्षात घ्या. एकरी ३० किलो पायाभूत बियाणे पेरले आणि प्रक्रियेनंतर एकरी ६ क्विंटल चांगले बियाणे हाती आले असे धरले, तर एका एकरातून पुढच्या वर्षी २० एकर पेरता येतात. याचा अर्थ ५० एकरांचा कार्यक्रम १,००० एकरांची गरज भागवतो. आधी आपल्या परिसरात खात्रीचे गिऱ्हाईक किती एकरांचे आहे ते मोजा, मग बीजोत्पादनाचे क्षेत्र ठरवा. नवे गट नेमके उलट करतात, आणि मे महिन्यात गोदामात न विकलेल्या पिशव्या राहतात.

वाण निवडताना शेजारचे जिल्हे आणि शेजारची राज्ये काय पेरतात ते पाहा. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा जेएस ३३५ मध्य प्रदेशातून येऊन आपल्याकडे वर्षानुवर्षे रुजला. परभणीचे एमएयूएस ७१ व एमएयूएस १५८, कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राचे फुले संगम व फुले किमया, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ११८८ असे वाण आज उपलब्ध आहेत. प्रत्येक वाण विशिष्ट विभागासाठी अधिसूचित होतो, म्हणजे शासन तो त्या विभागासाठी अधिकृतपणे जाहीर करते. सोयाबीनच्या बाबतीत विदर्भ आणि मराठवाडा मध्य प्रदेशासोबत मध्य विभागात येतात, तर दक्षिण महाराष्ट्र कर्नाटक व तेलंगणासोबत दक्षिण विभागात. सीमेपलीकडे माल विकायचा असेल तर वाण त्या विभागासाठी अधिसूचित आहे की नाही, हे पेरणीपूर्वीच तपासावे लागते.

सापळा क्रमांक एक: पायाभूत बियाण्याच्या पिशव्या फोडल्यावर टॅग आणि रिकाम्या पिशव्या टाकून देणे. खरेदीची पावती, टॅग आणि मुक्तता प्रमाणपत्र (तपासणीत पास झालेला लॉट विक्रीला मोकळा केल्याचा दाखला) यांवरूनच स्रोत सिद्ध होतो. पेरलेले क्षेत्र आणि खरेदी केलेले बियाणे यांचा मेळ बसला नाही तर क्षेत्र रद्द होते. टॅग सुतळीत ओवून बीजोत्पादकाच्या नावासह गटाच्या कार्यालयात जमा करून घ्या.

सापळा क्रमांक दोन: वाणाचे हक्क. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला संरक्षित (या कायद्याखाली नोंदणी होऊन ज्याचे हक्क दुसऱ्याकडे आहेत अशा) वाणाचेही बियाणे राखण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे, मात्र ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. कंपनीच्या छापील पिशवीत संरक्षित वाण भरायचा असेल तर संबंधित विद्यापीठाशी किंवा संस्थेशी करार करणे आवश्यक आहे.

४. नोंदणी आणि कागदपत्रे

प्रमाणीकरणाचे काम महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा पाहते. तिचे मुख्यालय अकोल्यात असून जिल्ह्यांत कार्यालये आहेत. हंगामापूर्वीच जिल्हा कार्यालयात जाऊन त्या वर्षीची शुल्काची आणि मुदतीची माहिती घ्या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये बियाण्याचा माग ठेवण्यासाठी ‘साथी’ हे पोर्टल सुरू केले आहे. नोंदणी, तपासणी आणि क्यूआर कोड असलेले टॅग यांचा प्रवास त्यावरून होतो, त्यामुळे गटात संगणकावर नीट काम करणारी एक व्यक्ती या कामासाठी नेमून ठेवा.

प्रत्येक बीजोत्पादकाकडून पुढील कागदपत्रे एकाच वेळी गोळा करा:

- सातबारा आणि आठ-अ उतारा
- आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत
- गट क्रमांक आणि चतुःसीमा दाखवणारा शेताचा हाती काढलेला नकाशा
- पायाभूत बियाण्याची पावती, टॅग आणि मुक्तता प्रमाणपत्र
- बीजोत्पादक आणि संस्था यांच्यातील करार
- जमीन बटाईने केली असल्यास मालकाचे संमतिपत्र

सातबाऱ्यावरील नाव, आधारवरील नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे पैसे अडकतात. हे काम मे महिन्यात करा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर उतारे काढायला कोणालाही सवड नसते.

५. शिवार एकत्र बसून आखा

सोयाबीनला दुसऱ्या वाणापासून ३ मीटर विलगीकरण अंतर पुरते. हरभऱ्याला प्रमाणित बियाण्यासाठी ५ मीटर आणि पायाभूतसाठी १० मीटर लागते. तुरीचे मात्र तसे नाही. तिच्यात मधमाश्यांमुळे परपरागीभवन होत असल्याने अंतर कितीतरी पट अधिक ठेवावे लागते, आणि एकट्या शेतकऱ्याला ते पाळता येत नाही. तुरीच्या बीजोत्पादनासाठी आख्ख्या शिवाराने एकच वाण पेरण्याचे मान्य केले पाहिजे. गटाची घडी बसेपर्यंत खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा एवढ्यावरच थांबा.

तपासणीच्या दृष्टीने एका बीजोत्पादकाचे क्षेत्र दहा हेक्टरपर्यंत, एकाच वाणाचे व एकाच दर्जाचे, साधारण एकाच वाढीच्या अवस्थेत आणि तुकड्यांमध्ये ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नसलेले असेल तर ते एक घटक म्हणून धरले जाते. विखुरलेल्या तुकड्यांमुळे कागदपत्रे आणि तपासणीचा वेळ दोन्ही वाढतात. शेजारी-शेजारी बांध असलेल्या सभासदांनी एकच वाण घेतला तर विलगीकरणाचा प्रश्न बांधावरच सुटतो, तपासणी अधिकाऱ्यांना एका फेरीत सगळे क्षेत्र पाहता येते आणि मळणी यंत्रही एकाच वाणासाठी चालते.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि ३ ते ४ सेंटिमीटर खोलीवरच करा.

६. भेसळ काढणे

प्रमाणित बियाण्याच्या शेतात दुसऱ्या वाणाची झाडे ०.५० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत आणि पायाभूतमध्ये ०.१० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. आकडा लहान दिसतो, पण मागच्या वर्षीचे पडलेले दाणे उगवून आले तर तो सहज ओलांडला जातो. त्यामुळे मागील खरिपात सोयाबीनचा दुसरा वाण घेतलेले शेत निवडू नका.

फुलोऱ्यात सकाळच्या उन्हात हे काम सर्वांत चांगले होते. चार-पाच जणींची रांग करून प्रत्येकीला तीन-तीन तासे द्यावीत आणि सूर्य पाठीशी ठेवून चालावे, म्हणजे फुलांचा रंग स्पष्ट दिसतो. जेएस ३३५ ची फुले जांभळी असतात, त्यामुळे त्यात पांढऱ्या फुलाचे झाड लगेच नजरेत भरते. शेंगा धरल्यावर दुसरी फेरी घ्यावी. या वाणाच्या शेंगांवर लव नसते, म्हणून लव असलेली शेंग दिसली की झाड मुळासकट उपटून शेताबाहेर न्यावे. फक्त शेंडा मोडून चालत नाही, कारण खालच्या फांद्यांना शेंगा लागतातच. आमच्याकडे हे काम बायका पुरुषांपेक्षा चोख करतात असा माझा अनुभव आहे, आणि त्यांना नेहमीच्या खुरपणीपेक्षा अधिक मजुरी देणे योग्य आहे. बियाण्याची शुद्धता त्यांच्या नजरेवर उभी असते.

प्रमाणीकरण अधिकाऱ्यांच्या किमान दोन तपासण्या होतात. त्या वेळी बीजोत्पादक स्वतः शेतावर हजर असावा आणि अहवालाची प्रत त्याच्याकडे असावी.

७. काढणी, मळणी आणि साठवण

सोयाबीनच्या दाण्याचे आवरण फार पातळ असते आणि अंकुर त्या आवरणाला लागूनच असतो. शेतात उत्तम असलेले बियाणे खळ्यावर बिघडते ते यामुळेच. या टप्प्याला जेवढी काळजी घ्याल तेवढी बाकी कोणत्याही टप्प्याला लागत नाही.

शेंगा पिवळसर-तपकिरी झाल्या की काढणी लांबवू नका. पावसाचा अंदाज असेल तर कापलेले पीक ताडपत्रीखाली झाका, मात्र ओला ढीग झाकून ठेवू नका, त्यात उष्णता धरून दाणा मरतो. मळणी करताना दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असावा आणि यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या दरम्यान ठेवावेत. मळणीवाला लवकर काम उरकण्यासाठी फेरे वाढवतो, म्हणून पहिल्या पोत्यातील मूठभर दाणे हातात घेऊन फुटलेली डाळ आणि तडा गेलेले दाणे पाहा, आणि ते दिसले तर तिथेच यंत्र थांबवा. वाण बदलताना यंत्र, चाळण्या आणि ताडपत्री पूर्ण झाडून घ्या. दोन गावांत मिळून एक मळणी यंत्र केवळ बियाण्यासाठी राखून ठेवता आले तर त्याचा खर्च एका हंगामात वसूल होतो.

ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. ओलावामापक यंत्र गटाकडे असलेच पाहिजे, दाताखाली दाणा चावून काढलेला अंदाज बियाण्याला पुरत नाही. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून दूर ठेवा, थप्पी सात फुटांपेक्षा उंच करू नका आणि पोती उंचावरून आपटू देऊ नका. हमालांना हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.

जमा करण्यापूर्वी प्रत्येक बीजोत्पादकाच्या मालाची घरगुती उगवण चाचणी घ्या. ओल्या बारदानावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरे ओले बारदान घालून सैलसर गुंडाळा, सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उलगडून फक्त निरोगी, सरळ मूळ असलेले कोंब मोजा. शंभरात ७० च्या खाली आकडा असेल तर तो माल लॉटमध्ये मिसळू नका. एका सभासदाच्या भिजलेल्या चार पोत्यांमुळे वीस जणांचा लॉट नापास होतो, आणि नंतर गटात जी भांडणे होतात ती मिटत नाहीत.

८. प्रक्रिया, नमुना आणि टॅग

कच्चे बियाणे मान्यताप्राप्त प्रक्रिया केंद्रावरच न्यावे लागते. वर्षभरात काही आठवडेच चालणारे केंद्र प्रत्येक गटाने स्वतंत्र बांधण्यापेक्षा तालुक्यातील तीन-चार कंपन्यांनी एकाच केंद्राच्या तारखा आपसांत वाटून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. केंद्रावर आपला माल वेगळ्या थप्पीत आणि लॉट क्रमांकाच्या पाटीसह राहील, हे आपल्या माणसाने तिथे उभे राहून पाहावे.

प्रतवारीनंतर काढलेला नमुना बीज परीक्षण प्रयोगशाळेत जातो. राज्यात पुणे, नागपूर आणि परभणी येथे अशा शासकीय प्रयोगशाळा आहेत. सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के आणि ओलावा कमाल १२ टक्के हे मानक आहे. हरभऱ्याला उगवण ८५ टक्के आणि ओलावा ९ टक्के. निकाल लागेपर्यंत बियाण्याला औषध चोळू नका. औषध लावलेला माल नापास झाला तर तो धान्य म्हणूनही विकता येत नाही.

प्रमाणपत्राची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते आणि फेरतपासणीत पास झाल्यास ती सहा महिन्यांनी वाढते.

९. परवाना आणि विक्री

बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार परवान्याशिवाय बियाण्याची विक्री करता येत नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात परवान्याची चौकशी करा. राज्यभर विक्री करायची असेल तर पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे जावे लागते. साठा आणि भाव यांचा फलक, साठा नोंदवही आणि प्रत्येक ग्राहकाला लॉट क्रमांक लिहिलेली पावती बंधनकारक आहे. प्रत्येक लॉटचा मोहोरबंद नमुना स्वतःकडे जपून ठेवा. उगवणीची तक्रार आली की तालुका समिती पंचनाम्याला येते, आणि त्या वेळी हा नमुना व घरगुती चाचणीच्या नोंदी तुमची बाजू मांडतात.

देगलूर, बिलोली या भागातल्या गटांना तेलंगण आणि कर्नाटक जवळचे आहेत. पलीकडच्या गावातली जमीन तशीच, पाऊस तसाच आणि नातीही जुनी, त्यामुळे मागणी आपोआप येते. पण आपला परवाना सीमेवर संपतो. बिदर किंवा आदिलाबादमध्ये विकायचे असेल तर तिथला परवाना असलेल्या कंपनीशी किंवा सोसायटीशी करार करा आणि माल टॅग लावलेल्या, शिवलेल्या पिशव्यांतच पाठवा. प्रक्रिया न केलेले कच्चे बियाणे दोन्ही राज्यांच्या प्रमाणीकरण यंत्रणांना न कळवता पलीकडे नेले तर त्याची ओळखच संपते, मग ते बियाणे कितीही चांगले असो.

१०. पुढच्या वर्षाची साखळी याच वर्षी जोडा

पायाभूत बियाण्याची मागणी हंगाम संपताच नोंदवा. पैदासकार बियाण्यापासून प्रमाणित बियाणे शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत हंगामांमागून हंगाम जातात, त्यामुळे ऐन मे महिन्यात मागितलेला वाण मिळत नाही.

पाण्याची सोय असलेल्या गावांनी उन्हाळी सोयाबीनचा थोडा कार्यक्रम हाती ठेवावा. खरिपात काढणी पावसात सापडली तर डिसेंबर-जानेवारीत पेरून मे महिन्यात हाती येणारे हे बियाणे पुढच्या जूनसाठी ताजे मिळते. उतारा खरिपापेक्षा कमी येतो आणि पिवळ्या मोझॅक या विषाणूजन्य रोगावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून त्याचा भाव वेगळा ठरवा. कोरडवाहू गावांनी खरिपाचा आणि ओलिताच्या गावांनी उन्हाळ्याचा कार्यक्रम घ्यायचा, आणि एकाचा लॉट गेला तर दुसऱ्याने ठरलेल्या दराने किती पिशव्या द्यायच्या, हे दोन्ही कंपन्यांच्या वार्षिक सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. सभा दिवाळीनंतर, मालाचे शेवटचे पैसे वाटण्यापूर्वी ठेवा, म्हणजे सगळे सभासद हजर असतात.